बाणाचं टोक कोणतं चांगलं? एका साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा होतो

पेटची तयारी करणाऱ्यांची एक अडचण नेहमीची आहे. चल, परिकल्पना, नमुना निवड यांच्या व्याख्या तोंडपाठ असतात. पण 'तुमचा संशोधन-प्रश्न एका वाक्यात सांगा' म्हटलं की 'मराठवाड्यातील अमुक-तमुकचा चिकित्सक अभ्यास' याच्या पुढे गाडी जात नाही. विषय असतो, प्रश्न नसतो.

म्हणून आज पुस्तकाबाहेरचं एक उदाहरण घेऊ. परदेशात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लोक एकमेकांना वर्षानुवर्षं विचारतात: बाणाला कोणतं टोक लावावं? पक्क्या पात्यांचं, की आपटल्यावर उघडणाऱ्या पात्यांचं? प्रश्न दुकानातल्या गिऱ्हाइकाचा वाटतो. पण त्याचं उत्तर ढिलं राहिलं तर किंमत हरीण मोजतं, अर्धवट जखमी होऊन झुडपात मरून. आणि भारतात ही शिकारच गुन्हा असल्याने, स्वतः माहिती गोळा करता येत नसेल तेव्हा संशोधक काय करतो, हेही या निमित्ताने बघता येतं.

आधी कायदा

संशोधन आराखड्यात नैतिकतेचा मुद्दा बहुतेक जण शेवटच्या पानावर उरकतात. तो पहिल्या पानावर हवा, कारण कोणती पद्धत वापरता येईल हे तोच ठरवतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 9 शिकारीला मनाई करतं. कायद्यातली 'शिकार' फक्त ठार मारण्यापुरती नाही. पकडणं, सापळा लावणं, जखमी करणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात येतं. सोयाबीन नाहीतर हरभऱ्याची नासाडी झाली म्हणून उमरीच्या शेतकऱ्याला स्वतः तीरकमठा उचलता येत नाही. त्याचा रस्ता वनखात्याच्या दारातून जातो. वन्यप्राण्यांवरच्या वैज्ञानिक संशोधनासाठी कलम 12 खाली परवाना लागतो, आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी.

म्हणजे 'कोणतं टोक चांगलं' हे आपण हरणावर बाण मारून तपासू शकत नाही. मग उरतं काय? इतरांनी कायद्याच्या चौकटीत केलेल्या नोंदी, भौतिकशास्त्राचं गणित, निर्जीव लक्ष्यावरचे प्रयोग, आणि पुरातत्त्व. हे कमी नाही. एक वाट बंद झाली की बाकीच्या वाटा नीट दिसायला लागतात.

वस्तू समजून घेतल्याशिवाय प्रश्न नको

कंपाउंड धनुष्य आता आपल्याकडे अनोळखी राहिलेलं नाही. 2023 च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने याच प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. दोन्ही टोकांना चाकं, त्यावरून फिरणाऱ्या दोऱ्या, आणि पूर्ण ताणल्यावर हाताला बराच हलका वाटणारा ताण, अशी ही रचना. स्पर्धेत बाणाला साधं, गोलसर निमुळतं टोक असतं. त्याने फक्त लक्ष्यात रुतायचं असतं.

शिकारीच्या बाणाचं काम वेगळं. बंदुकीची गोळी हादऱ्यानेही इजा करते. बाण मात्र मुख्यतः कापतो, आणि प्राणी रक्तस्रावाने मरतो. म्हणून टोकाला वस्तऱ्यासारखी धारदार पाती असतात. ढोबळमानाने त्यांचे दोन प्रकार:

पक्कं टोक. पाती कायमची बाहेर आलेली. हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. कापाची रुंदी साधारण 1 इंचाच्या आसपास. अडचण हवेत येते. उघडी पाती छोट्या पंखांसारखी वागतात आणि बाण जरासा वाकडा सुटला तरी त्याला भरकटवतात. धनुष्य आणि बाण यांचा मेळ फार बारकाईने बसवावा लागतो.

यांत्रिक टोक. पाती मिटलेली असतात आणि आपटल्यावर उघडतात. काहींमध्ये ती पुढून मागे उलगडतात, काहींमध्ये मागे सरकत बाजूला फाकतात. मिटलेली पाती जागेवर धरायला रबरी कडं किंवा प्लास्टिकची पट्टी. हवेत हे टोक बरंचसं स्पर्धेच्या टोकासारखं उडतं, आणि उघडल्यावर काप दीड ते दोन इंचांचा पडतो. याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते: पाती उघडण्यात ऊर्जा खर्च होते, रुंद कापाला जास्त विरोध होतो, आणि तिरक्या कोनात आपटलं तर टोक घसरण्याची किंवा नीट न उघडण्याची शक्यता राहते.

एवढं कळलं की 'हे चांगलं, ते वाईट' ही भाषा आपोआप गळून पडते. एक टोक नेम सोपा करतं आणि काप मोठा देतं. दुसरं खोली आणि भरवसा देतं. देवाणघेवाण आहे. कोणती बाजू किती वजनाची, हे मोजायचं आहे.

'चांगलं' कशात मोजायचं?

पुस्तकातली 'कार्यात्मक व्याख्या' इथे कामाला येते. टोक 'चांगलं' म्हणजे कोणता आकडा मोठा?

जाहिराती बहुधा ऊर्जेचा आकडा सांगतात. गणित करून बघू. 26 ग्रॅमचा बाण सेकंदाला 85 मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा (½mv²) सुमारे 94 ज्यूल. आता 160 ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू घ्या, ताशी 122 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 34 मीटर. त्याची ऊर्जा सुमारे 92 ज्यूल. जवळजवळ तेवढीच! चेंडू बरगडीवर बसला तर काळानिळा डाग पडतो, बाण आरपार जाऊ शकतो. म्हणजे नुसती ऊर्जा मोजली तर चेंडू आणि बाण एकाच रांगेत बसतात. आकडा खरा आहे, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

संवेग (mv) घेतला तर? त्याच 94 ज्यूलमध्ये 26 ग्रॅमऐवजी 39 ग्रॅमचा बाण सोडला, तर वेग सेकंदाला 69 मीटरच्या आसपास उतरतो, पण संवेग 2.2 वरून 2.7 वर चढतो. खोल शिरण्याच्या प्रश्नावर जड बाणाची बाजू घेणारे लोक हाच आकडा पुढे करतात. पण हाच संवेग चेंडूला लावून बघा: 5.4, बाणाच्या दुपटीहून जास्त. म्हणजे संवेगही एकटा पुरत नाही. तो किती क्षेत्रावर येतो आणि पुढची धार काय करते, हे सोबत धरावंच लागतं.

मग धार, रुंदी, खोली सगळं एकत्र मोजायला प्रयोगशाळेत जिलेटिनचा ठोकळा घेतात. त्यात बाण किती खोल गेला ते मोजता येतं, परत परत मोजता येतं. पण ठोकळ्याला केस नाहीत, कातडी नाही, बरगडी नाही. प्रयोग जितका आटोपशीर, तितका तो रानापासून लांब. आंतरिक वैधता आणि बाह्य वैधता यांची ओढाताण म्हणतात ती हीच. दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. तुम्ही कोणती किती सोडली, हे आराखड्यात लिहावं लागतं.

एक गोष्ट मात्र सगळ्या मोजमापांच्या वरची आहे: बाण लागलेलं जनावर सापडलं का? लागलं आणि सापडलं नाही, तर ते वेदनेत मेलं असेल किंवा जखम घेऊन जगत असेल. शिकारी, कायदा करणारे आणि शिकारीचे विरोधक, तिघांनाही हा आकडा हवा असतो. म्हणून अवलंबित चल म्हणून तोच घेऊ.

न सापडलेल्या जनावराची नोंद कोण ठेवणार?

इथे खरी गोम आहे. शिकारी गप्पा मारतात त्या सापडलेल्या हरणांच्या. फोटो निघतो तो सापडलेल्याचा. न सापडलेल्याचा फोटो नसतो, गोष्ट नसते. नुसतं शिकाऱ्यांना विचारून माहिती गोळा केली, तर जी नोंद सगळ्यात महत्त्वाची तीच गळते.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात इंडियन हेड नावाचा नौदलाचा तळ आहे. तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी तिरंदाजांना परवानगी दिली जाते, पण अटीवर: आधी नेमबाजीची चाचणी द्यायची, आणि लागलेल्या बाणांची नोंद करायची, जनावर सापडो वा न सापडो. पेडरसन आणि सहकाऱ्यांनी 1989 ते 2006 या काळातल्या नोंदी अभ्यासून 2008 मध्ये लेख प्रसिद्ध केला. 104 तिरंदाज, त्यांनी मिळवलेली 908 हरणं, आणि कंपाउंड धनुष्य व क्रॉसबो वापरणाऱ्यांत बाण लागूनही न सापडलेल्या हरणांचं प्रमाण सुमारे 18 टक्के.

पुढच्या वर्षांच्या नोंदी धरून त्याच ठिकाणी टोकांची तुलना झाली. पक्कं टोक लागलेली सुमारे 82 टक्के हरणं सापडली, यांत्रिक टोक लागलेली सुमारे 91 टक्के.

झालं, उत्तर मिळालं? थांबा.

91 आणि 82 कसे वाचायचे

पहिली गोष्ट, आकड्याची बाजू. 82 वरून 91 म्हणजे यश 9 टक्केबिंदूंनी वाढलं. पण हीच माहिती उलटी वाचा: न सापडण्याचं प्रमाण 18 वरून 9 वर आलं, म्हणजे निम्मं झालं. दोन्ही वाक्यं खरी. विकणारा दुसरं वाक्य निवडेल, शंका घेणारा पहिलं. प्रबंधात दोन्ही लिहायची.

दुसरी, बाह्य चल. कोणी कोणतं टोक वापरावं, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्याने त्याने आपलं निवडलं. यांत्रिक टोकं 1990 च्या दशकात लोकप्रिय झाली, आणि नोंदी 1989 पासूनच्या. म्हणजे यांत्रिक टोकांच्या नोंदी बहुतेक पुढच्या वर्षांतल्या असणार. त्या वर्षांत धनुष्यंही सुधारली, आणि तेच तिरंदाज अनुभवाने पिकले. 9 टक्केबिंदूंतले किती टोकाचे, किती काळाचे, किती हाताचे? नुसत्या दोन टक्केवाऱ्यांतून हे सुटत नाही. वर्ष आणि तिरंदाज धरून विश्लेषण हवं. एकाच माणसाने दोन्ही टोकं वापरली असतील, तर त्याच्या स्वतःच्या दोन आकड्यांची तुलना आणखी बोलकी ठरेल.

तिसरी, नमुन्याचा खरा आकार. 908 हा आकडा भरघोस वाटतो. पण माणसं 104. सरासरी काढली तर माणशी जवळपास 9 हरणं. एका माणसाची 9 हरणं म्हणजे 9 स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. त्यांच्यामागे एकच हात, एकच डोळा, एकच सवय आहे. तुम्ही चार महाविद्यालयांतून 400 विद्यार्थी घेता तेव्हाही हेच होतं. नमुना 400 चा लिहिता, पण महाविद्यालयाचा परिणाम बघायचा असेल तर तुमच्याकडे चारच एकक आहेत. मुलाखतीत इथेच पकडतात.

चौथी, 'हरीण' म्हणजे कोण? इंडियन हेडच्या नोंदीतलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. उमरीच्या रानात 'हरणं आली' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे बहुधा काळविटाचा कळप असतो. काळवीट शास्त्राच्या वर्गीकरणात हरीण नव्हेच. ते कुरंग, गाय-शेळीच्या कुळातलं. त्याची शिंगं आयुष्यभर टिकतात, हरणाची दरवर्षी गळतात. अंगाने ते अमेरिकन हरणापेक्षा बरंच लहान. एका प्राण्यावरचा निष्कर्ष दुसऱ्यावर ढकलता येत नाही, दोघांना मराठीत एकच शब्द असला तरी. आपल्या विषयातही असे शब्द असतात. 'अल्पभूधारक', 'गळती', 'स्थलांतर' हे शब्द दोन अहवालांत सारखे दिसतात आणि अर्थ वेगळे असतात.

पाचवी, निष्कर्षाची हद्द. हे तिरंदाज चाचणी पास झालेले होते आणि नोंद करणं त्यांना बंधनकारक होतं. कुठल्याही हौशी माणसाला हा आकडा लावता येणार नाही. कमी ताकदीचं धनुष्य वापरणाऱ्यासाठी तर चित्र उलटंही असू शकतं, कारण पाती उघडण्यात जाणारी ऊर्जा त्याला परवडत नाही. अशा माणसाला पक्कं, अरुंद टोक सुचवतात ते याच कारणाने.

मग एका वाक्यातला प्रश्न कसा होईल? असा: 'नेमबाजीची चाचणी दिलेल्या आणि कंपाउंड धनुष्य वापरणाऱ्या तिरंदाजांमध्ये, वर्ष आणि व्यक्तिगत कौशल्याचा परिणाम वजा केल्यावर, यांत्रिक टोक लागलेलं पांढऱ्या शेपटीचं हरीण न सापडण्याचं प्रमाण पक्क्या टोकापेक्षा वेगळं आहे का?' वाक्य लांबलं, मान्य. पण यात कोण, काय, कशाशी तुलना आणि कशात मोजायचं, हे सगळं आलं. आणि महत्त्वाचं म्हणजे याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येऊच शकत नाही, त्यावर संशोधन होत नसतं.

महाराष्ट्रात बसून हाच प्रश्न

आपल्याकडे जिवंत हरणावर हा अभ्यास होणार नाही, आणि होऊही नये. पण बाणाच्या टोकाचा प्रश्न आपल्या मातीत फार जुना आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं आणि उत्तर पुराश्मयुग ते मध्याश्मयुगातली दगडी हत्यारं उजेडात आणली. त्यांचा महाराष्ट्रातल्या या संस्कृतींवरचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1989 मध्ये प्रसिद्ध केला. नखाएवढी सूक्ष्म पाती काठीत बसवून शस्त्र करायचं, हे तंत्र त्या काळात जगभर ठिकठिकाणी दिसतं.

आता पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न बघा: हातात दगडी टोक आहे, दांडी कुजून गेली. हे टोक बाणाचं होतं, हाताने फेकायच्या भाल्याचं होतं, की भोसकायच्या भाल्याचं?

यासाठी एक साधं माप वापरतात: टोकाचं आडछेद क्षेत्रफळ, म्हणजे जास्तीत जास्त रुंदी गुणिले जास्तीत जास्त जाडी, भागिले दोन. तर्क असा, की बाण हलका असतो, त्याला मोठं भोक पाडायची ताकद नसते, म्हणून त्याचं टोक लहान असणार. जॉन शी या अभ्यासकाने 2006 मध्ये दिलेली तुलनेची सरासरी अशी: बाणाची टोकं 33 चौरस मिलिमीटर, फेकायच्या हलक्या भाल्यांची 58, भोसकायच्या भाल्यांची 168.

तुमच्या हातातलं टोक 45 निघालं तर? घाईत 'बाण' लिहून मोकळं होता येत नाही. बाणांच्या टोकांचं प्रमाण विचलन 20 आहे आणि फेकायच्या भाल्यांचं 18. म्हणजे 45 हा आकडा दोन्ही गटांत सहज बसतो. एका टोकावरून निवाडा होत नाही. शंभर टोकं मोजा, वितरण बघा, टोकावरच्या आपटण्याच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, दांडी चिकटवल्याचे अवशेष शोधा. तीन वाटांनी एकाच ठिकाणी पोचलात, तर वाक्य जरा ठामपणे लिहा.

आणि इथेही निसटलेली नोंद आहेच. दगड टिकतो. लाकडी आणि बांबूची टोकं कुजतात. उत्खननात दगडी टोकंच मिळाली म्हणून लोक दगडी टोकंच वापरत होते असं म्हणणं, म्हणजे फोटोतल्या हरणांवरून शिकाऱ्याचं यश मोजण्यासारखं आहे.

तुमच्या विषयाला लावून बघा

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी हे पाच प्रश्न कागदावर उतरवा आणि प्रत्येकाचं उत्तर दोन ओळींत लिहा.

1. 'चांगलं', 'प्रभावी', 'यशस्वी' असा शब्द माझ्या शीर्षकात आहे का? असेल तर तो कोणत्या आकड्यात किंवा कोणत्या निरीक्षणात मोजणार?
2. मी ज्यांची तुलना करतोय, ते आपापल्या गटात स्वतः गेले की कोणी घातले? स्वतः गेले असतील, तर फरकाचं आणखी कोणतं कारण असू शकतं?
3. माझा नमुना खरोखर किती एककांचा आहे?
4. माझ्या मुख्य शब्दाचा अर्थ मी वापरणार असलेल्या प्रत्येक अहवालात तोच आहे का?
5. माझ्या नोंदीतून कोण निसटतंय?

पहिल्या चार प्रश्नांवर गाईड तुम्हाला टोकतीलच. पाचवा प्रश्न मात्र तुम्हालाच विचारावा लागतो, कारण निसटलेला माणूस येऊन तक्रार करत नाही. शाळागळतीचा अभ्यास शाळेच्या हजेरीपटावरून केला, तर ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेलेलं लेकरू त्यात सापडत नाही. पीकविम्याचा अभ्यास अर्ज केलेल्यांवर केला, तर ज्याला अर्ज करताच आला नाही तो बटईदार त्यात नसतो. बचतगटांचा अभ्यास चालू गटांवर केला, तर मोडलेले गट का मोडले ते कळत नाही.

इंडियन हेडच्या अभ्यासाची किंमत 82 किंवा 91 या आकड्यांत कमी आणि एका नियमात जास्त आहे: जनावर सापडलं नाही तरी नोंद करायची. आराखडा लिहिताना तुमच्या विषयात हा नियम कसा पाळणार, हे आधी ठरवा. प्रश्नावली त्यानंतर.